खुर्ची, लंकाबाईंसह जप्त

लंकाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं त्याला एकवीस दिवस झाले, तेव्हा मी चाकांची खुर्ची बनवायचं मनावर घेतलं.

यावरून कुणाला वाटेल की मी सुतार किंवा लोहार आहे. मी चित्रकलेचा शिक्षक. तीस वर्षं नगरच्या एका शाळेत मुलांकडून कमळं, कुंड्या आणि तांब्या-भांडी काढून घेतली, आणि निवृत्त झाल्यावर सावेडीच्या 'सायंतारा' वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक झालो. ही सन एकाहत्तरची गोष्ट. सावेडीत तेव्हा बंगले मोजके आणि बाभळी भरपूर होत्या. आश्रमात सतरा वृद्ध, एक नर्सबाई, एक स्वयंपाकीण आणि मी. व्यवस्थापक या शब्दाला कुणी भुलू नये. बंबाला लाकडं कमी पडली की व्यवस्थापक, कुणाचा चष्मा सापडेना की व्यवस्थापक. आमटीत मीठ जास्त झालं तर ते मीच टाकल्यासारखे सगळे माझ्याकडे बघत. या धबडग्यात माझ्या कलेला कुठेच वाव नव्हता आणि ती खंत मी घरी रोज बोलून दाखवत असे. आमची ही म्हणायची, "मग आमटीचं चित्र काढा."

लंकाबाई मूळच्या कोल्हारच्या. सुईण. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्यांनी प्रवरेच्या दोन्ही काठांवरची बाळंतपणं केली होती. स्वतःला मूलबाळ नव्हतं. अंगाने काटक आणि जिभेने त्याहून काटक. आश्रमात आल्यापासून पहाटे सगळ्यांच्या आधी उठून अंगण झाडायच्या. झाडायचं काम त्यांचं नव्हतं, पण दुसऱ्या कुणाचं झाडणं त्यांना पटत नसे. माघ महिन्यात न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून परत आल्या त्या खाटेवरच. आता चालणं होणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

आमच्या नर्सबाई खातूनबी दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायच्या, पाठीला स्पिरिट चोळायच्या, पावडर लावायच्या. कूस बदलली की लंकाबाई थोड्या वेळाने मान तेवढी वळवून पुन्हा भिंतीकडे तोंड करायच्या. आठवड्याला येणारे डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, "निसळ मास्तर, यांना बसवा. उन्हात न्या, माणसांत न्या. पाठीला जखमा झाल्या आणि छातीत कफ साठला की माझ्या हातात फार काही राहणार नाही."

मग एकदा चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून अंगणात नेलं. सगळे वृद्ध ओट्यावर उभे राहून बघत होते. लंकाबाईंनी पदर तोंडावर घेतला. म्हणाल्या, "मी काय देव हाय का मढं? चौघांनी उचलायचं ते एकदाच उचला. सारखं सारखं नगं."

त्यानंतर त्यांनी बाहेर यायला साफ नकार दिला, आणि जेवणही अर्ध्या भाकरीवर आलं.

चाकांची खुर्ची मुंबईला मिळते असं कळल्यावर मी पत्र टाकलं. उत्तर आलं की आपली मागणी नोंदवली आहे, क्रम आल्यावर कळवू. क्रम कधी येईल हे लिहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी ड्रॉइंगचा कागद काढला, पेन्सिलींना टोकं केली आणि तीस वर्षांचा अनुभव पणाला लावून खुर्चीची तीन चित्रं काढली. समोरून, बाजूने आणि वरून. छायाप्रकाश असा काही साधला होता की ही सुद्धा म्हणाली, "खुर्ची आहे हे लगेच कळतं." तिच्या तोंडून याहून मोठी दाद मी लग्नापासून ऐकलेली नाही.

चित्रं घेऊन मी अलीमच्या सायकल दुकानात गेलो. अलीम हा सावेडी रस्त्यावरचा नावाजलेला मिस्त्री. त्याने कागद आडवा धरला, मग उभा धरला, मग चहा मागवला.

"मास्तर, ही सोंड कशाची?"

"सोंड नाही. हात ठेवायचा दांडा आहे."

"बरं. आणि हे खाली काळं काय आहे?"

"ती सावली."

"सावली पत्र्याची करायची का?"

मी त्याला छायाप्रकाशाचं तत्त्व समजावून सांगितलं. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं, कागदाची घडी करून कानावरच्या पेन्सिलीशेजारी खोचली आणि पुन्हा कधी उघडली नाही. "पेशंटला बसवून बघू," एवढंच म्हणाला. आश्रमात येऊन त्याने लंकाबाईंचं पाठीकडूनच माप घेतलं, दोरीला गाठी मारून. त्या भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "तिरडीचं माप घेतो काय रं?" अलीम म्हणाला, "नाही मावशी, गाडीचं." मला वाटलं, त्यावर त्यांचे कान थोडे टवकारले असावेत.

बसायला आमच्या कार्यालयातली वेताची खुर्ची मिळाली. ती अध्यक्षांची. वार्षिक सभेला ते तिच्यात बसत, उरलेलं वर्षभर मांजर. प्रश्न चाकांचा होता. अलीम म्हणाला, चांगल्या चाकांना थांबावं लागेल. खातूनबी म्हणाल्या, कालपासून पाठीवर एक जागा लाल दिसतेय. तेव्हा मी माझी सायकल पुढे केली. अठरा वर्षं ती माझ्याबरोबर होती. तिची दोन्ही चाकं निघाली तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे बघत होतो. पुढे एक छोटं चाक लागलं ते जुन्या बाबागाडीचं. उरलेला सांगाडा मी घरी नेऊन भिंतीला टेकवला. ही म्हणाली, "आता याचंही चित्र काढा."

शेजारचे राधाकृष्णराव म्हणजे निवृत्त अव्वल कारकून. आमच्या कुंपणापलीकडे त्यांचा बंगला. अलीमचं काम तीन दिवस आश्रमाच्या अंगणात चाललं होतं आणि राधाकृष्णराव तिन्ही दिवस कुंपणावर हात टेकून उभे होते. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मास्तर, बिल्ल्याचं काय?"

सायकलीला तेव्हा दरसाल परवान्याचा बिल्ला घ्यावा लागे. पितळी चकती, तीवर नंबर आणि साल. मी म्हणालो, "आहे की माझा. सायकलचा."

"सायकलचा परवाना सायकलला. चाकं काढून खुर्चीला लावली की ती सायकल राहिली नाही. परवाना तिथे संपला. मी छत्तीस वर्षं असली कागदं हाताळली आहेत."

"खुर्चीला कोण विचारतंय?"

"रस्त्यावर आणलीत तर विचारतील. मी सांगायचं काम केलं." असं म्हणून ते आत गेले. त्यांच्या चेहऱ्यावर, पुढे काय होणार ते ठाऊक असलेल्या माणसाचं समाधान होतं. ते मला अजिबात आवडलं नाही.

दुसरा सल्लागार आमच्या आश्रमातच होता. आसाराम. घोडेगावकडचा, लष्करात वीस वर्षं ट्रक चालवलेला, मिशा अजून ताठ. खुर्चीभोवती दोन फेऱ्या मारून तो म्हणाला, "मास्तर, बिरेक कुटं हाय?"

"आसाराम, हा ट्रक नाही."

"चाक हाय तितं बिरेक लागतो."

मी त्याला म्हणालो की वृद्ध बाईला घेऊन आपण तासाला एक मैलाच्या वर जाणार नाही. आज ते वाक्य आठवलं की माझे कान गरम होतात.

चाचणीसाठी खुर्चीत कुणी बसायचं असा प्रश्न निघाला. कुणा वृद्धाला धोक्यात घालणं मला पटेना. व्यवस्थापक म्हणून मीच बसलो. आमचा ओटा उंचावर आणि तिथून फाटकापर्यंत मुरमाचा उतार. मागे अलीम आणि आसाराम उभे. अलीमला वाटलं आसारामने धरलंय. आसारामला वाटलं अलीमने धरलंय. मला वाटलं दोघांनी धरलंय, आणि म्हणून पहिले चार-पाच हात मी मागे न बघता त्यांची स्तुतीसुद्धा केली.

वाटेत रतनबाईंनी, म्हणजे आमच्या स्वयंपाकिणीने, दोन लुगडी अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या. पहिल्या लुगड्यावरून मी सरळ गेलो. दुसरं लुगडं चाकात अडकून माझ्याबरोबर आलं. फाटक उघडं होतं. रस्ता ओलांडून मी समोरच्या कडब्याच्या गाडीत शिरलो आणि तिथे थांबलो. गाडीवान झोपला होता तो उठला नाही, पण त्याच वेळी शाळा सुटून चार मुली चालल्या होत्या. चारही माझ्या जुन्या विद्यार्थिनी. त्या थांबल्या, आणि कडब्यात कमरेपर्यंत गेलेल्या, गळ्यात कुरडई असलेल्या मला त्यांनी अत्यंत नम्रपणे नमस्कार केला. "नमस्कार सर." मी म्हणालो, "नमस्कार. अभ्यास नीट चाललाय ना?" दुसरं काय म्हणणार.

लंगडत आत आलो तर ओट्यावर सोळा वृद्ध हसून हसून खाली बसलेले. रतनबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांची समजूत कशी घालावी या विचारात मी उभा होतो, तेवढ्यात खातूनबी धावत बाहेर आल्या.

"मास्तर, मावशी वळल्या."

"कुठे वळल्या?"

"आपल्या आपण. आवाज ऐकून खिडकीकडे वळल्या. विचारतात, मास्तर कडब्यात गेले ते खरं का? दोनदा सांगितलं मी. तिसऱ्यांदा सांगा म्हणतात."

मी आत गेलो. लंकाबाईंनी माझ्या डोक्यातला कडबा बघितला. पदर तोंडाला लावला, पण या वेळी हसू दाबायला. म्हणाल्या, "बसा मास्तर. समदं सांगा. पयल्यापासून." आणि मी, ज्याची तीस वर्षांत वर्गात कुणी टिंगल करायची हिंमत केली नव्हती, तो खाटेशेजारी बसलो आणि माझी फजिती पहिल्यापासून सांगितली. कुरडयांचं जरा वाढवूनच सांगितलं. त्या दुपारी त्यांनी दीड भाकरी खाल्ली. बाहेर जाऊन मी आसारामला म्हणालो, "ब्रेक कसा बसवायचा ते सांग."

आसारामने ब्रेक बसवला. लाकडाचा ठोकळा, त्यावर जुन्या वहाणेचा तळ, ओढायला दांडा. शिवाय एक घंटी लावली आणि पाठीमागे पत्र्याच्या पट्टीवर तांबड्या रंगात लिहिलं, 'अंतर ठेवा'. अक्षरं मी दुरुस्त करून देतो म्हणालो. "दिसतंय ना मास्तर? मग झालं," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी खातूनबींनी लंकाबाईंना न्हाऊ घातलं, वेणी घातली, स्वच्छ लुगडं नेसवलं. बसायच्या आधी त्यांनी सगळ्यांकडे बघून अट घातली. "बसंन म्या. पर ढकलायचं मास्तरांनी न्हाई." मला हे लागलं, पण त्यांना बसवण्यापुढे माझ्या मानाची काय किंमत. आसारामने खुर्ची धरली. अंगणात लिंबाखाली त्या तासभर बसल्या आणि तेवढ्यात रतनबाईंच्या झाडण्यात चार चुका काढल्या. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत गेल्या. पाठीवरची लाल जागा आठवड्यात फिकी पडली. दहाव्या दिवशी म्हणाल्या, "रस्त्यावर न्या. बाजार बघून लई दिस झालं."

आम्ही निघालो. पुढे मी, मध्ये खुर्चीत लंकाबाई, मागे आसाराम ढकलत आणि शेजारी खातूनबी औषधाची पिशवी घेऊन. लोक बघत होते. पण आता लंकाबाईंनी पदर तोंडावर घेतला नाही. उलट कुणी फार वेळ बघितलं तर त्या घंटी वाजवत.

वळणावर बिल्ले तपासायला माणसं उभी होती. ज्या कचेरीची ती माणसं, तिचं नाव मी सांगत नाही, कारण तिथे अजून माझी कामं पडतात. दहा-बारा सायकली अडवून ठेवलेल्या. त्यांच्यातला भिमाजी नावाचा शिपाई पुढे आला. त्याने खुर्ची बघितली, चाकं बघितली, खाली वाकून पुन्हा बघितली.

"बिल्ला?"

मी खिशातून माझ्या सायकलचा बिल्ला काढला. तो म्हणाला, "हा सायकलचा. सायकल कुठंय?"

"ही चाकं तिचीच आहेत."

"म्हंजे सायकल मोडून दुसरं वाहन केलं. बिनपरवाना. जप्त करावं लागंल." छत्तीस वर्षं कागदं हाताळलेल्या राधाकृष्णरावांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला आणि मी तो मोठ्या कष्टाने दूर केला.

"अहो, पण यांना चालता येत नाही."

"त्यांना उतरवा. वाहन जप्त, माणूस न्हाई. साहेबांचा हुकूम हाय."

आसाराम मिशीवर हात ठेवून पुढे सरकला. मी त्याला अडवलं. तेवढ्यात लंकाबाईच बोलल्या, अगदी शांतपणे. "कर बाबा जप्त. म्या उतरत न्हाई. उतरताच येत न्हाई मला. खुर्ची जप्त कर, माझ्यासकट कर. बाजार ऱ्हायला तर कचेरी बघू."

भिमाजीने बराच विचार केला. खुर्ची सोडली तर साहेब रागावणार, आणि म्हातारीला रस्त्यावर ठेवणं त्यालाही पटेना. शेवटी त्याने खुर्चीच्या दांड्याला जप्तीची चिठ्ठी बांधली आणि स्वतः ढकलायला लागला. जप्त मालाला इतरांनी हात लावायचा नाही, असा नियम असल्याचं त्याने सांगितलं. मैलभर त्याने एकट्याने ढकललं. चढावर तो थांबला की लंकाबाई घंटी वाजवत.

कचेरीच्या आवारात जप्त सायकलींच्या रांगेत त्याने खुर्ची उभी केली. सायकलींवर नंबर टाकत येणाऱ्या कारकुनाने लंकाबाईंपाशी येऊन हातातला खडू खाली ठेवला आणि साहेबांना बोलवायला गेला.

साहेब बाहेर आले आणि ओसरीवरच्या टेबलाशी बसले. चाळिशीतले, कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळावर आठ्या. नाव गोरक्षनाथ, हे दारावरच्या पाटीवर होतं. मी सगळी हकीकत सांगितली. माझ्या चित्रांचा उल्लेख करायला सुरुवात केली तसा त्यांनी हात वर केला आणि छापील कागद पुढे ओढला.

"वाहनाचा प्रकार. सायकल लिहावी तर पायडल नाही. टांगा लिहावा तर जनावर नाही. रिक्षा म्हणावी तर भाडं घेत नाही तुम्ही. मग राहिली हातगाडी. माल वाहणारी." त्यांनी लेखणी टेकवली. "वाहून न्यायचा माल कोणता?"

"माल?" लंकाबाई म्हणाल्या. "म्या माल हाय व्हय रं?"

"बाई, कागदावर काहीतरी लिहावं लागतं."

लंकाबाईंनी मान तिरकी केली. साहेबांच्या चेहऱ्याकडे, मग कानांकडे निरखून बघितलं. "तू कोल्हारचा का?"

"हो."

"कुनाचा?"

साहेबांनी आजूबाजूला बघितलं. "आईचं नाव साळूबाई."

"साळूचा गोरख," लंकाबाई म्हणाल्या. "पायाळू."

कचेरीतली टाइपरायटरची टकटक थांबली. आपल्याकडे पायांकडून जन्मलेल्याला पायाळू म्हणतात, आणि त्याचा पाय कमरेला लागला की उसण जाते अशी लोकांची समजूत आहे. साहेबांनी ही गोष्ट नोकरीत कुणाला कळू दिली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं.

लंकाबाई मात्र आता थांबणार नव्हत्या. "म्याच काढला ह्याला. बाहेर ह्यो पूर, गाडी जुपायची सोय न्हाई. साळू दोन दिस अडलेली. आन् ह्यानं एक पाय भाईर टाकला आन् तितंच थांबला. दुसरा पाय आत. पुढं न्हाई, मागं न्हाई." त्यांनी साहेबांपुढच्या कागदाकडे बोट केलं. "तवापासनंच ह्याचं असं. काम अर्धं करायचं आन् अडवून धरायचं."

कचेरी हसली. भिमाजी हसला, तोंड फिरवून. आसाराम तर नियमाने हसल्यासारखा, ताठ उभा राहून हसला. मला हसावं की नाही कळेना, कारण कागद अजून कोराच होता.

साहेब हसले नाहीत. ते लेखणी ठेवून उभे राहिले. "आई सांगायची," ते हळू आवाजात म्हणाले, "की मी निळा पडलो होतो. रडत नव्हतो. सुईणीने आशा सोडली नाही म्हणून."

"उलटा धरला, फुंकर मारली, पाठीवर थापट्या मारल्या. लई वेळ लागला," लंकाबाई म्हणाल्या. "साळू कशी हाय?"

"दोन वर्षं झाली जाऊन."

 लंकाबाईंनी हात पुढे केला. साहेब खाली वाकले आणि त्यांनी खुर्चीच्या पायफळीवर, लंकाबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. शर्टाची इस्त्री मोडली. आवारात जो तो आपापल्या जागी उभा राहिला होता, आणि खातूनबी पिशवीत काहीतरी शोधत होत्या, जे त्यांना बराच वेळ सापडलं नाही.

साहेब उठले तेव्हा आवाज पुन्हा साहेबांचा होता. त्यांनी छापील कागद बाजूला सारला आणि जप्तीच्या वहीत स्वतःच्या अक्षरात शेरा मारला. त्याची नक्कल मी मागून घेतली आणि ती आश्रमाच्या कार्यालयात काचेत लावली आहे. "सदर वस्तू तपासता ती वाहन नसून अर्जदार बाईंचे पाय असल्याचे आढळून आले. पायांना परवान्याची आवश्यकता नाही. नग दोन. मालकास परत केले." खाली सही आणि गोल शिक्का.

"नग दोन?" मी विचारलं.

"चाकं दोनच मोठी आहेत," साहेब म्हणाले. "छोटं सोडून दिलं."

भिमाजीने जप्तीची चिठ्ठी सोडली. आम्ही निघालो तेव्हा मागे कचेरीत मुख्य कारकून कमरेवर हात ठेवून साहेबांच्या दाराशी घुटमळत होता आणि त्याच्या मागे आणखी दोघं. नंतर भिमाजीकडून कळलं की त्या आठवड्यात कचेरीतल्या सात जणांच्या उसणी गेल्या. खरंखोटं मला ठाऊक नाही. साहेबांना मात्र रोज दुपारी बूट काढावे लागत.

बाजार त्या दिवशी राहिला तो राहिलाच, पण त्यानंतर आश्रमाची रीत बदलली. ही गोष्ट गावभर झाली. कुणी नातू घेऊन यायला लागलं, कुणी ओली बाळंतीण. लंकाबाई फाटकापाशी खुर्चीत बसायच्या, मांडीवर मूल आडवं घ्यायच्या, आणि तेल कसं जिरवायचं, टाळू कशी भरायची ते शिकवायच्या. खातूनबी शेजारी बसून ऐकायच्या. काही गोष्टी त्यांना पटत नसत. "मावशी, नाकात तेल घालायचं नाही, आमच्या शिक्षणात मनाई आहे." त्यावर वाद व्हायचे. दोघींत शेवटी असं ठरलं की नाकाचं खातूनबींनी सांगायचं आणि बाकीचं लंकाबाईंनी. सोळा वृद्ध ओट्यावर बसून त्या तान्ह्यांची नावं लक्षात ठेवायचा प्रयत्न करत. ज्या घरात दुपारी कण्हण्याशिवाय आवाज नसे, तिथे आता मुलं रडत होती. वार्षिक सभेला अध्यक्ष आले. आपली खुर्ची कुठे आहे ते त्यांनी बघितलं आणि न बोलता स्टुलावर बसले.

मी त्या दिवशी हिशेबाचं भाषण करायचं सोडून फक्त एवढंच सांगितलं की गेल्या सहा महिन्यांत आपल्या आश्रमात कुणाच्याही पाठीला जखम झालेली नाही. खातूनबींनी मान खाली घातली. माझा आवाज जरा चढला होता असं ही नंतर म्हणाली. चढला असेल. कमळाच्या पाकळ्या शिकवून तो कधी चढला नव्हता.

श्रावणात एक दिवस लंकाबाईंनी अलीमला बोलावून घेतलं. दोघांची बरीच कुजबुज झाली. मला कुणी विचारलं नाही, चित्रही मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी अलीमने दोन्ही मोठ्या चाकांना बाहेरून चाकाएवढंच एकेक लोखंडी कडं जोडून दिलं, हाताने धरून फिरवता येईल असं. कोल्हारच्या त्या हातांनी आठ दिवस अंगणात सराव केला. आसाराम मागून हुकूम सोडत होता, "डावं दाबा. आता उजवं. बिरेक." कुरडयांच्या आठवणीने रतनबाईंनी वाळत घातलेलं धुणं वेळीच गच्चीवर हलवलं होतं.

नवव्या दिवशी सकाळी मी कार्यालयात बंबाच्या लाकडांची यादी करत होतो. घंटी वाजली म्हणून बाहेर आलो. लंकाबाई एकट्या फाटकापाशी होत्या, लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. मी चपला घालून धावत गेलो आणि खुर्चीच्या पाठीला हात लावला.

"मास्तर," त्या न वळता म्हणाल्या, "हात काढा."

मी हात काढला. त्यांनी दोन्ही कडी धरली, खांदे पुढे झुकवले आणि चाकं हलली. माझ्या सायकलची चाकं. फाटक ओलांडून त्या रस्त्याला लागल्या, डावीकडे वळल्या आणि बाजाराच्या दिशेने चालू पडल्या. हळूहळू, पण मध्ये न थांबता. समोरून येणाऱ्या टांग्याला त्यांनी घंटी दिली. टांगा बाजूला झाला.

राधाकृष्णराव कुंपणावर हात टेकून उभे होतेच. "काय मास्तर," ते म्हणाले, "म्हातारीला एकटीला सोडलंत?"

"सोडलं नाही हो," मी म्हणालो. "त्या गेल्या आहेत."

"परत कधी येणार?"

"ते त्यांनी मला सांगितलेलं नाही," मी छाती काढून म्हणालो आणि लाकडांची यादी पुरी करायला आत गेलो.